पडदा किती इंची? आधी घरातली माणसं मोजा

घरात प्रोजेक्टर घ्यायचा ठरला की पहिला वाद पडद्यावरून होतो. "मॅडम, शंभर इंची घेऊ की एकशेवीस?" हा प्रश्न मला माजी विद्यार्थ्यांकडून आणि नातेवाइकांकडून वरचेवर येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते. तंत्रज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या प्रोजेक्टरपुरताच. पण पडद्यासमोर पन्नास-साठ मुलं बसवून धडा घ्यायचा म्हटलं की कोणाला दिसत नाही, कोणाची मान अवघडते, कोणती खिडकी बंद करायची, हे रोज बघावंच लागतं. म्हणून विचारणाऱ्याला मी उलट विचारते, "तुमच्या हॉलमध्ये रात्री माणसं किती असतात, आणि कोण कुठे बसतं?" बहुतेकांनी भिंत मोजलेली असते. माणसं मोजलेली नसतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्यासारख्या साध्या घरातल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ८० ते ९० इंचांचा पडदा पुरतो. त्यापुढचा प्रत्येक इंच घरातल्या कोणाच्या तरी वाट्यातून घेतलेला असतो. कधी तो पुढे बसलेल्या पोराच्या मानेतून जातो, कधी अम्मीच्या डोळ्यांतून, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या उजेडातून. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. सातवीच्या गणिताएवढा हिशेब आहे, तो मांडून दाखवते.

पडद्याचे इंच म्हणजे रुंदी नव्हे, कर्ण. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं माप. आजच्या टीव्हीचं आणि बहुतेक व्हिडिओंचं चित्र १६:९ या आकाराचं असतं. त्या आकारात ८४ इंची पडदा साधारण ७३ इंच रुंद आणि ४१ इंच उंच असतो. १०० इंची पडदा ८७ बाय ४९, आणि १२० इंची जवळपास १०५ बाय ५९. कानाला ८४ आणि १२० यांत ३६ इंचांचाच फरक वाटतो. पण क्षेत्रफळ काढा. १२० इंची पडदा ८४ इंचीच्या दुपटीहून किंचित मोठा भरतो. मागणी करताना आपण इंच बोलतो आणि भिंतीवर मात्र क्षेत्रफळ येतं. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

आता बसायचं अंतर. चित्रपटगृहांसाठी आणि घरच्या थिएटरसाठी दोन जुने मापदंड वापरात आहेत. अमेरिकेतल्या एसएमपीटीई या तंत्रज्ञांच्या संस्थेच्या नावाने सांगितला जाणारा मापदंड म्हणजे बसणाऱ्याच्या नजरेत पडद्याची रुंदी साधारण ३० अंशांत मावावी. टीएचएक्सची शिफारस ४० अंशांची आहे. अंशांची भाषा अवघड वाटत असेल तर सोपं करून सांगते. पडद्याच्या कर्णाला १.२ ने गुणा, ते पुढच्या माणसाचं अंतर. १.६ ने गुणा, ते मागच्या माणसाचं अंतर. या दोन रेषांच्या मध्ये जो बसेल त्याला चित्र भव्यही वाटेल आणि मान न फिरवता पूर्णही दिसेल.

८४ इंची पडद्यासाठी हा पट्टा सुमारे साडेआठ फुटांपासून सव्वाअकरा फुटांपर्यंत येतो. बारा फुटांच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून सुमारे अकरा फुटांवर असतात. म्हणजे तो पट्ट्याच्या आत आहे. १०० इंचीसाठी हाच पट्टा दहा ते साडेतेरा फुटांचा होतो. सोफ्यावरची माणसं कशीबशी मावली, पण सोफ्यापुढे कोणी बसायचं नाही. १२० इंचीसाठी पट्टा सुरूच होतो बारा फुटांवर. तिथे आपल्या हॉलची भिंत असते. एवढा पडदा आरामात बघायला घराबाहेर जाऊन बसावं लागेल.

"मला जवळून बघायला आवडतं," असं कोणी म्हणेल. त्याच्यापुरतं ते खरं असेल. पण आपल्या घरांत सिनेमा एकटा माणूस बघत नाही. सोफ्यावर अब्बा आणि भाईजान, दिवाणावर पाहुणे, आणि पोरं खाली चटईवर. पोरं नेहमी पुढे सरकतात, हे शिक्षिका म्हणून मी शपथेवर सांगू शकते. सोफ्यापासून पाच फूट पुढे, म्हणजे पडद्यापासून सहा फुटांवर बसलेल्या पोराला १०० इंची पडदा ६२ अंशांत पसरलेला दिसतो. डाव्या टोकाचा फलंदाज बघितला की उजव्या टोकाचा गोलंदाज सुटतो. अर्ध्या तासात ते पोर आडवं होतं, आणि आपण म्हणतो, मुलांना कशात रसच नाही.

जमिनीवर बसण्याची सवय आणखी एका बाजूने आडवी येते. पडदे लावण्याचे बहुतेक सल्ले खुर्चीवर बसणाऱ्याला धरून लिहिलेले असतात. खाली बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात. पडद्याची खालची कड अडीच फुटांवर ठेवली तर ८४ इंची पडद्याची वरची कड जवळपास सहा फुटांवर येते. १२० इंचीची कड साडेसात फुटांवर जाते. प्रत्यक्षात तर खाली शोकेस किंवा कपाट असल्यामुळे पडदा अजून वर चढवतात, म्हणजे वरची कड थेट स्लॅबला भिडते. पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघितलेल्यांना ती मान आठवत असेल. तिकीट स्वस्त होतं म्हणून आपण ती सहन केली. घरी पैसे घालून तीच मान विकत घेण्यात अर्थ नाही.

आता मागच्या माणसाचं. मोठ्या पडद्याच्या बाजूने सगळ्यात हळवा मुद्दा असा मांडला जातो, "अम्मीला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून मोठा पडदा हवा." मुद्दा ऐकायला चांगला आहे, पण हिशेबात टिकत नाही. सभागृहांसाठी एक जुना ठोकताळा आहे. वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा. ८४ इंची पडद्याची उंची ४१ इंच. त्याची सहापट म्हणजे वीस फूट. बारा फुटांच्या खोलीत वीस फुटांवर कोणी बसूच शकत नाही. म्हणजे अम्मीला सिनेमाखालच्या ओळी वाचता येत नसतील तर दोष पडद्याच्या आकाराचा नाही. अक्षर बारीक आहे, किंवा अक्षर फिकं आहे, किंवा चष्म्याचा नंबर बदलला आहे. अक्षर मोठं करणं हे रिमोटवरचं काम आहे. चष्मा हे डॉक्टरांचं काम आहे. आणि फिकं अक्षर हे मात्र पडदा मोठा केल्याने आणखी फिकं होतं.

इथे मला माझ्या विषयाकडे यावं लागेल. उर्दूत बे, पे, ते, टे, से या अक्षरांचं शरीर एकच असतं. खाली एक नुक्ता असला तर बे, खाली तीन असले तर पे, वर दोन असले तर ते, वर तीन असले तर से. फरक काय तो त्या ठिपक्यांचा. मराठीतही व च्या पोटात एक तिरकी रेघ पडली की ब होतो, प मध्ये पडली की ष होतो. चित्र फिकं पडतं तेव्हा चेहरे शेवटपर्यंत ओळखू येतात, पण नुक्ते आणि बारीक रेघा सगळ्यात आधी जातात. वर्गात खिडकीचा पडदा सरकला की मुलं 'पे'ला 'बे' वाचू लागतात, हे मी किती वेळा बघितलं असेल. घरी याच प्रोजेक्टरवर पोरांचे धडे, तरानेचे व्हिडिओ, मुशायरे, बातम्या चालणार असतील, तर अक्षर ठळक राहणं हे अक्षर मोठं दिसण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

आणि ठळकपणा येतो उजेडातून. माझ्या मते पडद्याच्या निवडीतला खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

प्रोजेक्टरकडे उजेडाची ठरावीक पुंजी असते. ती ल्युमेनमध्ये मोजतात. ही पुंजी जेवढ्या मोठ्या भिंतीवर पसराल तेवढी पातळ होते, पाहुणे वाढले की डाळीत पाणी वाढवावं तशी. समजा, प्रोजेक्टर खरोखर १००० ल्युमेनचा आहे. ८४ इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण १.९५ चौरस मीटर, म्हणून त्यावर ५१४ लक्सच्या आसपास उजेड पडतो. १२० इंचीवर तो २५२ लक्स उरतो. बरोबर निम्मा.

अंधाऱ्या खोलीत निम्म्यावरही भागतं. चित्रपटगृहात चालतं ते अंधार असतो म्हणूनच. पण घरात अंधार कुठून आणायचा? एक गोष्ट लक्षात घ्या. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे जिथे उजेड पडला नाही तो पडद्याचा भाग. खोलीत दिवा चालू असेल तर तो भाग दिव्याच्या उजेडाने राखाडी होतो. समजा, आतल्या खोलीतून येणाऱ्या ट्यूबलाइटमुळे पडद्यावर ५० लक्स उजेड पडतो आहे. ८४ इंचीवर चित्रातला पांढरा त्या राखाडी 'काळ्या'पेक्षा अकरापट उजळ राहील. १२० इंचीवर तो सहापटच राहील. रात्रीचे प्रसंग चिखल होतात, काळे केस आणि काळी भिंत एक होते, नुक्ते जातात. मग हॉलमधून आवाज येतो, "अरे, लाइट बंद करा!"

हा आवाज कोणाला उद्देशून असतो, याचा विचार करून बघा. हॉलमध्ये बसलेल्यांनी हॉलचा दिवा केव्हाच बंद केलेला असतो. आता बंद करायचा असतो तो स्वयंपाकघरातला, जिथे भाभी भांडी आवरते आहे. किंवा कोपऱ्यातला, जिथे दहावीची मुलगी वही उघडून बसली आहे. आपल्या घरांत हॉल हा नुसता हॉल नसतो. तिथेच दस्तरखान पडतो, तिथेच मुलांचा अभ्यास होतो, तिथेच अम्मीची जानमाज अंथरली जाते, पाहुणा आला तर रात्री गादीही तिथेच पडते. परदेशातल्या काही घरांत थिएटरसाठी वेगळी खोली असते. तिथे १२० काय, १५० इंची लावा. तिथल्या अंधारात कोणाचं काम अडत नाही. आपल्याकडे मात्र पडदा जेवढा मोठा तेवढा अंधार जास्त लागतो, आणि तो अंधार घरातल्या ज्या माणसाचं म्हणणं सगळ्यात कमी ऐकलं जातं त्याच्यावर लादला जातो.

एका ओळखीच्या घरात मी हे बघितलं आहे. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा. सुरुवातीचे पंधरा दिवस सगळं मोहल्ल्यातलं कौतुक. मग असं ठरलं की सिनेमा सुरू होण्याआधी बायकांनी स्वयंपाकघर आवरायचं, म्हणजे दिवा बंद करता येईल. पडद्याच्या वेळेप्रमाणे घरचं जेवण एक तास अलीकडे आलं. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. काही महिन्यांनी प्रोजेक्टर कपाटात गेला. घरातल्या पुरुषांचं म्हणणं, "बल्ब कमजोर निघाला." बल्ब कमजोर नव्हता. त्याच्याकडून दुप्पट काम मागितलं होतं.

ल्युमेनचा विषय निघाला आहे तर खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलू. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारो ल्युमेन मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यापुढे एएनएसआय किंवा आयएसओ असं मोजणीच्या पद्धतीचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर तो आकडा नुसती सजावट समजा. तसंच "फोर के सपोर्ट" याचा अर्थ फोर के चित्र दिसतं असा नाही. मशीन तशी फाइल स्वीकारतं एवढाच आहे. प्रोजेक्टर मुळात किती ठिपक्यांचं चित्र उमटवतो, म्हणजे नेटिव्ह रिझोल्युशन किती, ते विचारा. आडव्या रेषेत १२८० ठिपके असलेला प्रोजेक्टर १२० इंची पडद्यावर ताणला तर एकेक ठिपका दोन मिलिमीटरचा होतो. चटईवर बसलेल्या पोराला चेहऱ्याऐवजी चौकटी दिसायला लागतात. ८४ इंचीवर तोच ठिपका दीड मिलिमीटरहून लहान राहतो. मशीन साधं असेल तर लहान पडदा त्याची लाज राखतो.

दुकानात गेल्यावर आणखी एक फसगत होते. आपल्याकडे अनेक दुकानदार पडदा फुटांत विकतात, सहा बाय चार, आठ बाय सहा. आठ बाय सहाचा कर्ण १२० इंच भरतो खरा, पण तो आकार ४:३ चा, जुन्या टीव्हीसारखा. त्यावर आजचं रुंद चित्र पाडलं तर ते ९६ बाय ५४ इंचांचं, म्हणजे ११० इंचीच बसतं. खाली-वर मिळून दीड फूट कापड रिकामं राहतं. सहा बाय चारमध्ये चित्र ७२ बाय साडेचाळीस इंचांचं येतं, म्हणजे साधारण ८३ इंची. बारा फुटांच्या हॉलसाठी हे माप मला सगळ्यात सोयीचं वाटतं. वर-खाली थोडी पट्टी उरते, ती उरू द्या.

सगळे सिनेमे पडदाभर दिसतील अशीही आशा ठेवू नका. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, मुळात जवळपास चौकोनी चित्राचा. तो मूळ रूपात लावला तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणार. 'काग़ज़ के फूल' १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप. तो लावला तर वर-खाली पट्ट्या येणार. 'पाकीज़ा'चंही तेच. त्या पट्ट्या म्हणजे प्रोजेक्टरचा दोष नाही. त्या घालवायला चित्र ताणलं की माणसं जाडी किंवा लांबट होतात. आधीच्या पिढीने ज्या आकारात चित्र पाहिलं त्याच आकारात ते पाहावं, एवढा अदब आपण त्या कलाकारांना द्यायला हरकत नाही.

मग येतो पंखा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून सिनेमा बघण्याचा सल्ला कोणी देऊ नये. प्रोजेक्टर छताला लावायचा तर त्याच्या उजेडाच्या वाटेत पात्याचं एक टोक आलं तरी चित्र अखंड लुकलुकतं. प्रोजेक्टर आणि पडदा यांतलं अंतर भागिले चित्राची रुंदी, याला थ्रो रेशो म्हणतात. तो १.२ असेल तर ८४ इंची चित्रासाठी मशीन पडद्यापासून सव्वासात फुटांवर लागतं, आणि १.५ असेल तर सव्वानऊ फुटांवर. १२० इंचीसाठी १.५ रेशोचं मशीन तेरा फुटांवर न्यावं लागेल, म्हणजे पुन्हा भिंतीपलीकडे. घेण्याआधी एक साधं काम करा. मशीन जिथे लावणार तिथून पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून बघा. सुतळी पंख्याच्या पात्याला लागता कामा नये, आणि सोफ्यावरून उठणाऱ्याच्या डोक्यालाही. पडद्याची वरची कड जेवढी खाली, तेवढी सुतळी पंख्यापासून लांब राहते. लहान पडद्याचा हाही एक फायदा.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप ईदचा. "ईदला वीस माणसं जमतात, तेव्हा काय करायचं?" ईद वर्षात दोन. उरलेले दिवस घरात पाच-सहा माणसं. वर्षातून दोनदा येणाऱ्या गर्दीसाठी रोजची मान आणि रोजचा उजेड का गहाण टाकायचा? शिवाय प्रोजेक्टरची खरी गंमतच ही, की त्याचं चित्र टीव्हीसारखं एका मापात अडकलेलं नसतं. ईदच्या रात्री इशानंतर मशीन गच्चीवर न्या. जाड पांढरी चादर नीट ताणून बांधा, मागून उजेड आरपार जाऊ नये म्हणून तिच्यामागे दुसरी लावा, आणि मशीन मागे सरकवून १२० इंच करा. तिथे अंधार फुकट आहे, माणसं लांब बसू शकतात, आणि कोणाचं स्वयंपाकघर अडत नाही. मोठ्या चित्राची जागा तिथे आहे. मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत चोवीस फूट लांब खोली असेल तर तिथेही १०० इंची पडदाच हवा, कारण त्याची उंची ४९ इंच आणि सहापट म्हणजे बरोबर साडेचोवीस फूट. मोठ्या पडद्याशी माझं वैर नाही. लहान खोलीत तो कोंबण्याशी आहे.

दुसरा आक्षेप टीव्हीचा. "एवढंच असेल तर ५५ इंची टीव्हीच का नको?" हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. घरातला उजेड संध्याकाळभर चालूच राहणार असेल, आणि बघणं म्हणजे मुख्यतः बातम्या आणि मालिका असेल, तर टीव्हीच घ्या. त्याचं चित्र उजेडात टिकतं. प्रोजेक्टर त्या घरासाठी, जिथे आठवड्यातून एक-दोनदा सगळे मिळून काही बघतात आणि बघून झालं की पडदा गुंडाळून भिंत परत मोकळी हवी असते. एकाच खोलीत नमाज, जेवण, अभ्यास आणि झोप असलेल्या घराला गुंडाळता येणारा पडदा हा मोठा सोयीचा आहे. पण त्यासाठी तो गुंडाळता येण्याजोगाच हवा.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण तोच सगळ्यात मोठा असतो. "शेजाऱ्यांनी १०० इंची घेतला." आखातातून आलेल्या चुलतभावाने १२० इंची लावला, मग आपण ८४ कसा लावायचा? याला माझ्याकडे हिशेब नाही. आपल्याकडे इसराफ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. गरजेपेक्षा जास्त खर्च करणं, एवढाच त्याचा अर्थ नाही. ज्या वस्तूचा जास्तीचा भाग कोणाच्याही उपयोगाचा नाही, उलट घरच्यांना अडचणीचा आहे, तिच्यावर पैसे घालणं हा इसराफ अगदी उघड आहे. लग्नाच्या मांडवाबद्दल आपण हे बोलतो. भिंतीवरच्या कापडाबद्दलही बोलायला हवं.

म्हणून पडदा विकत घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून ७३ बाय ४१ इंचांचा कागद तयार करा आणि तो भिंतीवर लावा. मग घरातल्या सगळ्यांना रोजच्या जागेवर बसवा. पोरांना चटईवर, अम्मीला तिच्या खुर्चीत, भाभीला ती जिथून काम करता करता डोकावते त्या दाराशी. घरातला नेहमीचा दिवा चालू ठेवा. प्रत्येकाला विचारा, "मान वळवावी लागते का? खालची ओळ वाचता येते का? मध्ये काही येतं का?" पोरगं म्हणालं जवळ वाटतंय, तर चटई मागे घ्या किंवा कागद दुमडून लहान करा. सगळे म्हणाले की अजून थोडा चालेल, तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच वाढवा आणि पुन्हा विचारा. दुकानदार तुमची भिंत बघून माप सांगेल, कारण त्याला भिंतच दिसते. घरातली माणसं तुम्हाला दिसतात.

शेवटचा शब्द त्या दारातून डोकावणाऱ्या बाईला द्या, अशी माझी सूचना आहे. पडदा तिला दिवा चालू ठेवून दिसत असेल, तर तो घरातल्या सगळ्यांना दिसतो.